कॉर्पोरेट नोकरी सोडून कमी खर्चाचा ऑनलाइन व्यवसाय: राजीनाम्याच्या आधीपासूनची पूर्वतयारी

नोकरी सोडून थोड्या भांडवलात ऑनलाइन व्यवसाय सुरू करू इच्छिणाऱ्यांची पहिली चौकशी बहुधा वेबसाइट, नोंदणी आणि जाहिरात यांविषयी असते. या तिन्ही गोष्टी थोड्या पैशांत आणि थोड्या दिवसांत उरकतात. खरी ओढाताण होते ती घरखर्चाची, कारण व्यवसायाचा महिन्याचा खर्च पाच-सहा हजारांत बसला तरी घराचा हप्ता, शाळेची फी आणि आईवडिलांची औषधे पगार बंद झाला म्हणून थांबत नाहीत. त्यामुळे या लेखात राजीनामा ही पहिली पायरी धरलेली नाही. ती बरीच पुढे येते, आणि तिच्याआधीची कामे जितकी नीट होतील तितके पहिले वर्ष निभावणे सोपे जाते, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांना लागू पडेल असा सल्ला कोणाच्याच फारसा उपयोगी पडत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत चालू. पुण्यातील एका मोठ्या कंपनीत अनेक वर्षे पगारपत्रकाचे, म्हणजे पेरोलचे काम केलेली एक व्यक्ती आहे असे समजा. हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) हे सारे तिच्या हाताखालून गेलेले आहे. हेच काम भोसरी, चाकण, नाशिकचे सातपूर किंवा कोल्हापूरजवळचे गोकुळ शिरगाव येथील छोट्या कारखान्यांना घरबसल्या ऑनलाइन करून देण्याचा तिचा विचार आहे. भाषांतर, हिशेबलेखन, डिझाइन, शिकवणी अशा इतर सेवांनाही पुढील पायऱ्या लागू होतात. वस्तू विकणाऱ्यांसाठी नियम कोठे बदलतात ते नोंदणीच्या भागात सांगितले आहे.

पायरी १: घरखर्चाचा खरा आकडा काढा

अंदाजाने सांगितलेला घरखर्च जवळजवळ नेहमीच कमी असतो, कारण वर्षातून एकदाच येणारे खर्च त्यात धरलेले नसतात. मागील बारा महिन्यांचे बँकेचे आणि क्रेडिट कार्डाचे विवरण समोर घ्यावे आणि प्रत्येक खर्च मासिक आणि वार्षिक अशा दोन रकान्यांत लिहावा. आपल्या उदाहरणातील कुटुंबाचा घरकर्जाचा हप्ता ३१,०००, किराणा, दूध आणि भाजी १६,०००, शाळा आणि शिकवणी ९,०००, वीज, गॅस, इंटरनेट आणि सोसायटीची देखभाल ८,०००, औषधे ५,००० आणि प्रवास ४,००० रुपये असेल, तर मासिक बेरीज ७३,००० होते. विम्याचे हप्ते, शाळेचे प्रवेशशुल्क, दिवाळी, लग्नकार्याचे आहेर, गाडीची दुरुस्ती असे वार्षिक खर्च १,४४,००० असतील, तर महिन्यामागे आणखी १२,००० वाढतात आणि खरा आकडा ८५,००० वर जातो. जोडीदाराचा हाती येणारा पगार ४५,००० असेल, तर दरमहा ४०,००० रुपयांची तूट राहते. व्यवसायाने भरून काढायची आहे ती ही तूट. तुमचा जुना पगार किती होता, याच्याशी या हिशेबाचा संबंध नाही.

ही बेरीज घरातील सर्व कमावत्या माणसांनी एकत्र बसून करावी. नोकरी सोडण्याचा निर्णय एकाने घेतला तरी त्याचा भार सर्वांवर पडतो, आणि आकडा आधीच माहीत असलेले घर पहिल्या कोरड्या महिन्यात बावचळत नाही.

पायरी २: काय विकायचे ते नेमके ठरवा

ज्या कामासाठी आजवर तुम्हाला पगार मिळाला, त्यातच विकण्याजोगी सेवा बहुधा दडलेली असते. ती ओळखण्यासाठी मी तीन कसोट्या लावतो. ग्राहकाला त्या कामासाठी आजही कोठेतरी पैसे मोजावे लागतात का, ते न झाल्यास त्याचे काही नुकसान होते का, आणि ते पुन्हापुन्हा करावे लागते का. पेरोल तिन्हींना उतरते. २० कामगार झाले की पीएफ लागू होतो, कारखान्यात १० कामगार झाले की ईएसआयसी लागू होते, दोन्हींचा भरणा पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करावा लागतो आणि उशीर झाला की व्याज बसते. त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या असून वेतनाची व्याख्याही बदलली आहे. पंचवीस कामगारांच्या कारखान्याला या कामासाठी पूर्णवेळ माणूस परवडत नाही आणि मालकाला स्वतः ते करायला वेळ नसतो. तुमची सेवा याच फटीत बसते.

केवळ आवड आहे म्हणून निवडलेल्या विषयात पैसे देणारा ग्राहक सापडेलच असे नाही. ‘ऑनलाइन व्यवसाय कसा करावा’ हे शिकवणारे महागडे वर्ग घेण्याआधी हे ध्यानात ठेवावे; त्या पैशांत घराचा एक महिना निघतो.

पायरी ३: एका महिन्याचे काम आणि कमाई कागदावर मांडा

या पायरीला मी सर्वाधिक वेळ द्यायला सांगेन, कारण बहुतेक चुका येथे दिसू शकतात आणि येथे त्या फुकटात दुरुस्त होतात.

पंचवीस कामगारांच्या एका कारखान्याचे काम तासांत मांडून पाहा. हजेरी तपासायला दीड तास, ओव्हरटाइम आणि उचल यांची जुळणी करायला एक तास, पगाराचा हिशेब आणि बँकेसाठी यादी करायला एक तास, पगारचिठ्ठ्या पाठवायला अर्धा तास, पीएफची फाइल भरून चलन, म्हणजे भरण्याची पावती, काढायला एक तास, ईएसआयसीला अर्धा तास आणि फोनवरच्या शंकांना अर्धा तास. एकूण सहा तास झाले. दर ३,००० रुपये ठेवला आणि व्यवसायाचा स्वतःचा खर्च, म्हणजे इंटरनेट, फोन, क्लाउडवरील साठवणूक, सॉफ्टवेअर आणि सीएची फी मिळून ६,००० धरला, तर ४०,००० ची तूट भरण्यासाठी ४६,००० रुपये, म्हणजे सोळा कारखाने लागतात.

सोळा कारखान्यांचे ९६ तास होतात. महिनाभरात पसरले असते तर हे काम सहज झाले असते. पण ते पसरत नाही. हजेरी १ तारखेनंतर हाती येते, पगार ७ तारखेपर्यंत व्हावे लागतात आणि चलने १५ तारखेपर्यंत. पगारापर्यंतचे चार तासांचे काम सोळा ठिकाणी म्हणजे ६४ तास, आणि ते पहिल्या सात दिवसांत, सुट्टी न घेता, दररोज नऊ तासांहून अधिक करावे लागेल. त्यातले दोन दिवस हजेरीची वाट पाहण्यात जातात हे धरले, तर हा बेत एका माणसाच्या आवाक्यात राहत नाही. दर ४,००० ठेवला आणि बाराच कारखाने घेतले, तर ४८,००० रुपये मिळतात आणि पहिल्या आठवड्याचे काम ४८ तासांवर येते. तेही दमवणारे आहे, पण जमण्यासारखे आहे. महिन्याचा दुसरा पंधरवडा मोकळा राहतो. त्यात कामगारांच्या यूएएनमधील (पीएफच्या कायम क्रमांकावरील) नावाच्या किंवा जन्मतारखेच्या दुरुस्त्या, नव्या कारखान्याची पीएफ नोंदणी अशी सुटी कामे वेगळा आकार लावून घेता येतात. या सुट्या कामांना मासिक दरात मुळीच घेऊ नये. एका दुरुस्तीसाठी कामगाराशी, त्याच्या जुन्या मालकाशी आणि पोर्टलशी किती वेळ झगडावे लागते, हे ज्याने केले आहे त्याला ठाऊक असते.

पुढचा प्रश्न बारा कारखाने कधी मिळतील हा आहे. दरमहा एक या गतीने मिळाले, तर वर्षभराची कमाई ३,१२,००० होते, गरज ५,५२,००० ची असते आणि २,४०,००० रुपये शिलकीतून काढावे लागतात. दोन महिन्यांना एक या गतीने मिळाले, तर कमाई १,४४,००० वर येते आणि तूट ४,०८,००० होते. म्हणून मी बारा महिन्यांची पूर्ण गरज, म्हणजे या उदाहरणात साडेपाच लाख रुपये, मुदत ठेवीत किंवा तसल्याच सुरक्षित ठिकाणी वेगळे ठेवल्याशिवाय राजीनामा देऊ नये असे सांगतो. ही रक्कम शेअर बाजारात ठेवू नये, कारण बाजार उतरलेला असतानाच ती काढायची वेळ येऊ शकते. आजारपणासाठीची रक्कम याहून निराळी ठेवावी.

पायरी ४: नेमणूकपत्र आणि कंपनीची धोरणे वाचा

बहुतेक कॉर्पोरेट नेमणूकपत्रांत नोकरी चालू असताना दुसरा व्यवसाय करण्यास मनाई असते. कामाच्या वेळात किंवा कंपनीच्या साधनांवर केलेल्या कामाचे हक्क कंपनीचे राहतील, असे कलमही आढळते. परवानगीची तरतूद असेल तर ती लेखी मागावी. नसेल तर नोकरीत असताना पैसे घेऊ नयेत. ग्राहकांशी बोलावे, नमुने तयार करावेत, आणि बिल कार्यमुक्त झाल्यानंतरच्या तारखेचे करावे. जोडीदाराच्या नावावर व्यवसाय दाखवून स्वतः काम करण्याची वाट अनेकजण सुचवतात. ती मला सरळ वाटत नाही, आणि उघडकीस आली तर अनुभवपत्र अडकण्याचा धोका असतो.

नोकरी सोडल्यावर त्याच क्षेत्रात काम करू नये, असे कलम अनेकांना घाबरवते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायाला बंधन घालणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो, त्यामुळे नोकरीनंतरची सरसकट बंदी न्यायालयात सहसा टिकत नाही. गोपनीयतेचे बंधन मात्र पूर्णपणे टिकते. कंपनीच्या एक्सेल फाइली, ग्राहकांच्या याद्या आणि अहवालांचे नमुने सोबत नेऊ नयेत. डोक्यातले कौशल्य तेवढे तुमचे असते. ऑफिसच्या लॅपटॉपवर नव्या व्यवसायाची एक ओळदेखील लिहू नये.

पायरी ५: राजीनाम्याआधी ग्राहकांशी बोला

नातेवाईक आणि मित्र ‘कल्पना छान आहे’ असेच म्हणणार, म्हणून त्यांच्या मतावर निर्णय घेऊ नये. ज्यांच्याशी ओळख नाही अशा किमान वीस कारखानदारांशी बोलावे. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची सर्वांत चांगली वाट छोट्या शहरांतील सीए कार्यालयांतून जाते, कारण त्यांच्याकडे पेरोलची विचारणा येत असते आणि बऱ्याच जणांना ते वेळखाऊ काम स्वतः करण्यात रस नसतो. औद्योगिक वसाहतींतील उद्योजकांच्या संघटना आणि त्यांचे व्हॉट्सॲप गट ही दुसरी वाट. पहिला संदेश थोडक्यात आणि काही विकत नसलेला असावा. उदाहरणार्थ:

‘नमस्कार. १० ते ४० कामगारांच्या कारखान्यांसाठी पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआयसीचे काम ऑनलाइन करून देण्याची सेवा मी सुरू करण्याच्या विचारात आहे. तुमच्याकडे हे काम सध्या कोण पाहते आणि ते कोठे अडते, हे समजून घेण्यासाठी पंधरा मिनिटे फोनवर बोलता येईल का? शुक्रवारी सकाळी ११ नंतर कधीही चालेल.’

वार विचारपूर्वक निवडावा. पिंपरी-चिंचवड आणि भोसरी परिसरातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि १ ते ७ तारखेच्या दरम्यान पगाराच्या धांदलीत कोणी नीट बोलत नाही.

बोलताना ‘तुम्ही ही सेवा घ्याल का’ असे विचारू नये, कारण भिडस्त माणूस हो म्हणून मोकळा होतो. ‘मागील वर्षी चलनाला कधी उशीर झाला का, तेव्हा किती भुर्दंड पडला, सध्या या कामाचे कोणाला किती देता’ असे घडून गेलेल्या गोष्टींबद्दल विचारावे. ही उत्तरे वहीत जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. वीसपैकी तीन मालकांनी ठरलेल्या दरात, ठरलेल्या महिन्यापासून काम देण्याची ईमेलने तयारी दाखवली, तर पुढे जाण्यास आधार आहे असे मी मानतो. एकानेही दाखवली नाही, तर सेवा, दर किंवा ग्राहक यांपैकी काहीतरी बदलायला हवे, आणि तो बदल पगार चालू असतानाच करावा.

पायरी ६: राजीनाम्याची तारीख हिशेबाने ठरवा

राजीनाम्याची तारीख रागाच्या भरात ठरली की हक्काचे पैसे हातचे जातात. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेसाठी, कायम कर्मचाऱ्याची पाच वर्षांची सलग सेवा लागते. त्यासाठी धरले जाणारे मासिक वेतन ४०,००० असेल, तर ४०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५ या सूत्राने १,१५,३८५ रुपये होतात. पाच वर्षे भरण्यास दोन-तीन महिने उरले असतील, तर ते थांबणे म्हणजे नव्या व्यवसायासाठी अडीच महिन्यांची बेगमी करणे होय. वार्षिक बोनसची तारीख आणि शिल्लक रजेचे पैसे यांचाही विचार याच वेळी करावा. नोटिशीचा काळ ६० किंवा ९० दिवसांचा असेल तर तो ओझे समजू नये. त्या काळात पगार चालू असतो.

कार्यमुक्त होण्याआधी आरोग्य विमा स्वतःच्या नावाने घ्यावा. कंपनीचे सामूहिक संरक्षण साधारणपणे शेवटच्या कामाच्या दिवशीच संपते, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. सामूहिक पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का, ही चौकशी एचआर विभागाकडे आणि विमा कंपनीकडे किमान दीड-दोन महिने आधी करावी, म्हणजे प्रतीक्षाकाळातील सवलतही मिळू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे पूर्वीच्या तुलनेत तेवढी बचत आहे.

कर्जाची किंवा क्रेडिट कार्डाची गरज दिसत असेल, तर बँका स्वयंरोजगार असणाऱ्यांकडून दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात हे लक्षात ठेवावे. पगार येणे बंद झाले की पगार खाते काही महिन्यांत साधे बचत खाते होते आणि किमान शिल्लक न ठेवल्यास शुल्क लागू शकते, म्हणून त्या खात्यातून जाणारे सर्व हप्ते आणि एसआयपी आधीच तपासावेत. पीएफची रक्कम शक्यतो काढू नये. पाच वर्षांची सलग सेवा भरण्याआधी काढली तर ती करपात्र ठरते. न काढता ठेवली तर तिच्यावर व्याज मिळत राहते, मात्र नोकरी सोडल्यानंतरचे व्याज करपात्र असते. शेवटच्या दिवसांत कार्यमुक्तीपत्र, अनुभवपत्र, पगारातून कापलेल्या कराचा दाखला (पूर्वीचा फॉर्म १६) आणि पीएफ खात्यातील नोकरी सोडल्याची तारीख यांची खात्री करून घ्यावी, आणि वैयक्तिक कागदपत्रे ऑफिसच्या ईमेलवर असतील तर ती कंपनीच्या नियमांत राहून आपल्या ईमेलवर आणावीत.

पायरी ७: लागेल तेवढीच नोंदणी करा

एकट्याने करायच्या सेवेसाठी सुरुवातीला प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढण्याची गरज मला वाटत नाही, कारण नफा असो वा नसो, दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि विवरणपत्रे यांचा खर्च मागे लागतो. एकल मालकी, म्हणजे प्रोप्रायटरशिप, पुरेशी असते. तिच्यासाठी तुमचा स्वतःचाच पॅन चालतो.

सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी करावी. ती सरकारी पोर्टलवर आधारच्या साहाय्याने होते आणि पूर्णपणे विनामूल्य आहे. हुबेहूब दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर हजार-दोन हजार रुपये भरणारे आजही कमी नाहीत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना द्यावी लागते आणि त्याची पावती मिळते. उद्यम प्रमाणपत्र आणि ही पावती मिळून चालू खाते उघडण्यासाठी लागणारे पुरावे बहुतेक बँकांत पूर्ण होतात. व्यवसायाचे पैसे पहिल्या दिवसापासून त्याच खात्यात यावेत आणि घरखर्चासाठी तेथून दरमहा एकच ठरावीक रक्कम काढावी.

सेवा देणाऱ्याला वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि सेवांच्या बाबतीत ग्राहक दुसऱ्या राज्यात असला तरी ही सवलत राहते. गरज नसताना नोंदणी केली तर एकही बिल नसलेल्या काळाचेही विवरणपत्र भरावे लागते आणि उशिराचा आकार चढत जातो. वस्तू विकणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकणाऱ्याला ही मर्यादा ४० लाखांची आहे, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ई-कॉमर्स मंचांवरूनही राज्यांतर्गत विक्री या मर्यादेत, पोर्टलवर नाव नोंदवून, जीएसटी क्रमांकाशिवाय करता येते. राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर हस्तकलेच्या काही वस्तू सोडल्यास पहिल्या विक्रीपासून नोंदणी लागते. खाद्यपदार्थांना एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आणि बंद पाकिटावर कमाल किरकोळ किंमत, वजन, उत्पादकाचा पत्ता इत्यादी मजकूर आवश्यक आहे. परत आलेल्या मालाचा दुहेरी कुरिअर खर्च धरल्याशिवाय वस्तूची किंमत ठरवू नये.

पेरोलसारख्या सेवेत कामगारांचे आधार क्रमांक आणि बँक खाती तुमच्या हाती येतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे, पण कायदा नसता तरी ही जबाबदारी मोठीच होती. घरातील मुले वापरतात त्या संगणकावर ही माहिती ठेवू नये, फाइलींना पासवर्ड लावावा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू ठेवावी आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या आधारच्या प्रती काम झाल्यावर पुसून टाकाव्यात.

पायरी ८: करार, बिल आणि वसुली

करार एक पानाचा असला तरी चालेल. हजेरी कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या नमुन्यात मिळाली पाहिजे, ती उशिरा आल्यास पगार आणि चलन उशिरा होण्याची जबाबदारी कोणाची, दरात काय येते आणि काय येत नाही, आणि कामगारांची संख्या वाढल्यास दर कसा बदलेल, एवढे त्यात स्पष्ट हवे. पीएफ आणि ईएसआयसीचे पैसे कधीही स्वतःच्या खात्यात घेऊन भरू नयेत. चलन तुम्ही काढावे आणि मालकाने आपल्या खात्यातून भरावे. परक्याच्या वैधानिक रकमा हाताळण्यातून होणारे गैरसमज फार कडू असतात.

बिल महिन्याच्या १ तारखेला आगाऊ द्यावे आणि ५ तारखेपर्यंत पैसे यावेत, ही सवय पहिल्याच महिन्यात लावावी. यूपीआय आणि थेट बँक हस्तांतरण यांना तुमच्याकडून कमिशन जात नाही. कार्डाने पैसे घेणाऱ्या पेमेंट गेटवेला साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी जातो, म्हणजे ४,००० रुपयांमागे सुमारे ९४ रुपये. पैसे थकले तर उद्यम नोंदणीचा उपयोग होतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात, त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, आणि मुदत उलटून थकलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षी आयकरातही खर्च म्हणून दाखवता येत नाही. ही गोष्ट ग्राहकाच्या सीएला सौजन्याने कळवली तरी अनेकदा पैसे सुटतात. दोन महिने थकलेल्या ग्राहकाचे तिसऱ्या महिन्याचे काम हाती घेऊ नये. मात्र तसे करण्याची सूचना महिना सुरू होण्याआधी लेखी द्यावी, कारण त्याच्या कामगारांचे पगार तुमच्या कामावर अवलंबून असतात.

पायरी ९: पहिल्या वर्षाचा कर

नोकरी वर्षाच्या मध्यावर सोडली असेल, तर त्या वर्षी पगार आणि व्यवसाय असे दोन्ही प्रकारचे उत्पन्न एकाच विवरणपत्रात दाखवावे लागते. छोट्या व्यवसायांना अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. ठरावीक व्यावसायिक सेवांसाठी जमेच्या ५० टक्के, आणि इतर पात्र व्यवसायांसाठी डिजिटल जमेच्या ६ टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण ही सोय कायम आहे. तुमचे काम कोणत्या गटात मोडते हे स्वतःच्या सोयीने ठरवू नये. सीएकडे एकदा बसून लेखी मत घ्यावे. कमिशन किंवा दलालीच्या उत्पन्नाला ६ टक्क्यांची सोय मिळत नाही, त्यामुळे इतरांच्या वस्तूंची शिफारस करून कमिशन मिळवणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी.

नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून निवासी व्यक्तीच्या १२ लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, पण ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट पगारालाच मिळते, व्यवसायाच्या उत्पन्नाला नाही. टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर, वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून अधिक होणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो, आणि अनुमानित उत्पन्नाची सोय घेणाऱ्यांना तो १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. पगारातून कर आपोआप कापला जाण्याची सवय झालेल्या माणसाच्या हातून ही तारीख सहज निसटते, म्हणून ज्यांना कर लागण्याची शक्यता आहे त्यांनी प्रत्येक जमेतून काही भाग वेगळ्या खात्यात टाकत जावे.

काही ग्राहक बिलातून टीडीएस कापतील. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा झाली की नाही, हे आयकर पोर्टलवरील वार्षिक माहितीपत्रकात दर तिमाहीला पाहावे. ती दिसत नसेल तर ग्राहकाच्या लेखापालाला लगेच कळवावे, कारण त्याने टीडीएसच्या विवरणपत्रात दुरुस्ती केल्याशिवाय ती रक्कम तुमच्या नावावर येत नाही, आणि वर्ष उलटल्यावर ही दुरुस्ती करून घेण्यासाठी पुष्कळ पाठपुरावा करावा लागतो.